रक्त धोका सांगते, पण निकाल कोण ठरवते? हृदयविकाराच्या चाचण्या आणि अंबडचा कामगार

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच आम्हालाही पटतात. पण त्या वादात एक तरतूद मागे पडली. चाळीस वर्षांवरील कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करून देणे ही मालकाची जबाबदारी राहील, असे सरकारने जाहीर केले. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मशीनवर उभे राहणाऱ्या, लोडिंग-अनलोडिंग करणाऱ्या, रात्रपाळीत सिक्युरिटीची नोकरी करणाऱ्या आपल्या हजारो बांधवांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न असा की या तपासणीत नेमके काय तपासणार? व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ६ मध्ये तपासण्यांची यादी नाही. कोणत्या वयाच्या, कोणत्या कामगारांची, कोणती तपासणी, हे नियमांवर सोडलेले आहे. वजन-उंची मोजून, एक सही घेऊन ही तपासणी उरकता येईल. किंवा महागड्या ‘हार्ट पॅकेज’च्या नावाखाली एखाद्या लॅबला मोठे कंत्राटही देता येईल. दोन्ही प्रकारांत कामगाराच्या हाती फारसे काही पडणार नाही. म्हणून हृदयविकाराच्या रक्तचाचण्या काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि त्यांच्या पुढचे काय आपल्याला हवे आहे, हे आपल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

रक्तात काय दिसते?

हृदयविकाराच्या रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज देणारे काही घटक रक्तात सापडतात. डॉक्टर त्यांना बायोमार्कर म्हणतात. आपण त्यांना रक्तातल्या खुणा म्हणू. त्यातल्या चार खुणांची नावे आपल्या कानावर पडतात.

पहिली ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. हार्ट अटॅकचे निदान करताना ही चाचणी महत्त्वाची असते आणि पातळी जितकी जास्त, तितकी इजा मोठी असण्याची शक्यता जास्त. पण ट्रोपोनिन वाढायला काही तास लागतात. दुखायला लागल्यावर तासाभरात केलेली चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून अटॅक नाही असे ठरत नाही. ती ठरावीक वेळाने पुन्हा करावी लागते. हे माहीत नसल्याने पहिला रिपोर्ट खिशात घालून घरी परतणे जिवावर बेतू शकते.

दुसरी एनटी-प्रोबीएनपी. हृदयावर ताण येऊन त्याच्या भिंती ताणल्या गेल्या की ही पातळी वाढते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना या कुळातला मूळ घटक डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून नावात ‘ब्रेन’ आला. प्रत्यक्षात तो मुख्यतः हृदयातून येतो. दम लागतो, पाय सुजतात, उताणे झोपवत नाही, अशा रुग्णाचे हृदय कमजोर झाले आहे का, आणि पुन्हा भरती होण्याचा किंवा मृत्यूचा धोका किती, याचा अंदाज ही चाचणी देते. वय आणि मूत्रपिंडाचा आजार यांमुळे ती वाढलेली दिसते, तर लठ्ठपणात कमी दिसते. त्यामुळे आकडा एकटा वाचायचा नसतो.

तिसरी एचएस-सीआरपी. ही शरीरातला दाह दाखवते. एकपेक्षा कमी असेल तर धोका कमी, तीनपेक्षा जास्त असेल तर जास्त, असा ढोबळ हिशेब आहे. पण साधा ताप, दातातला पू, जखम यांनीही ती वाढते.

चौथी लायपोप्रोटीन-ए. ही बहुतांशी आनुवंशिक असते, खाण्यापिण्याने फारशी बदलत नाही. दक्षिण आशियाई लोकांत तिचे महत्त्व मोठे आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी असे सुचवले आणि ५० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली.

या खुणा म्हणजे पत्रिकेतले भविष्य नव्हे. एखाद्याचा आकडा जास्त आला म्हणजे तो मरणारच, असे कोणताही डॉक्टर म्हणत नाही. अशा आकड्याच्या शंभर लोकांपैकी किती जणांना त्रास होतो, एवढेच त्यातून कळते. त्या शंभरात आपण कुठे असू, हे पुढच्या उपचारांवरही अवलंबून असते. आणि आपल्या समाजाचा प्रश्न इथेच सुरू होतो.

मृत्यू कोणाच्या वाट्याला आला?

बंगळूरुच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातल्या ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत २०,४६८ रुग्णांची नोंद झाली. ‘क्रिएट’ नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. हे सगळे हार्ट अटॅक किंवा त्यासारख्या तातडीच्या हृदयविकाराचे रुग्ण होते. तीस दिवसांत मरण पावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के होते, गरिबांत ८.२ टक्के. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध श्रीमंतांपैकी ६१.२ टक्क्यांना मिळाले, गरिबांपैकी ३६ टक्क्यांना. अँजिओप्लास्टी श्रीमंतांपैकी १५.३ टक्क्यांची झाली, गरिबांपैकी फक्त २ टक्क्यांची.

संशोधकांनी पुढे हिशेब मांडला. गरिबांच्या मृत्यूंचे जास्त प्रमाण त्यांच्या आजाराच्या स्वरूपामुळे आहे की उपचारांमुळे? वय, बीपी, शुगर असे मुद्दे लक्षात घेऊनही फरक कायम राहिला. मिळालेले उपचार लक्षात घेतल्यावर मात्र फरक उरला नाही. म्हणजे गरिबाचे रक्त वेगळे नव्हते, त्याच्यापर्यंत पोचलेले उपचार वेगळे होते.

२०२२ मध्ये राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीचे निष्कर्ष आले. ५३ रुग्णालये, सुमारे १०,८५० रुग्ण. भरती झाल्यापासून ९० दिवसांत १४.२ टक्के रुग्ण दगावले. शिक्षण अजिबात न झालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते, सर्वांत जास्त शिकलेल्यांत १० टक्के. शाळेत किती वर्षे गेली याचा हृदयाच्या स्नायूशी थेट संबंध नाही. संबंध आहे तो पगाराशी, घराशी, डॉक्टरला प्रश्न विचारता येण्याशी आणि महिन्याच्या गोळ्या परवडण्याशी. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. शाळेचा दाखलाही इथे एक खूण ठरतो, आणि ती खूण कोणत्याही लॅबच्या रिपोर्टवर छापलेली नसते.

जातीचा मुद्दाही यात आहे. २०२२ मध्येच संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांचा नऊ राज्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी असल्याचे त्यांना आढळले. आर्थिक स्थितीने या फरकाचा निम्म्याहून कमी भाग उलगडला. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. तरीही ‘गरिबी गेली की जात आपोआप मागे पडेल’ असे म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा.

अंबडमधून दवाखान्यापर्यंत

आता हे सगळे आपल्या भागात आणून पाहू. अंबड, चुंचाळे, दत्तनगर, सिडको या वस्त्यांत काम करताना आम्हाला एकच क्रम पुन्हा पुन्हा ऐकू येतो. छातीत जळजळते, डावा हात भरून येतो, घाम फुटतो. सोबतचे म्हणतात, पित्त झाले असेल. सोडा घेतला जातो, मेडिकलमधून गॅसची गोळी येते. शिफ्ट अर्धवट सोडली तर खाडा लागतो, म्हणून सुटी होईपर्यंत माणूस दम धरतो. मग जवळचा दवाखाना, तिथे इंजेक्शन, आणि तरीही बरे वाटले नाही तर मोठे हॉस्पिटल. तिथे आधी विचारतात, पैसे किती आणलेत?

‘क्रिएट’ अभ्यासात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे होता. म्हणजे अर्ध्या रुग्णांना सहा तासांहून जास्त वेळ लागला. रक्तातली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका स्नायू वाचतो आणि बारा तासांनंतर त्याचा फायदा जवळजवळ संपतो. या वेळी सगळ्यात आधी हवा असतो ईसीजी, तोही डॉक्टरसमोर गेल्यापासून दहा मिनिटांत. ईसीजीवर मोठा अटॅक स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचे नसते. ही एक गोष्ट वस्तीतल्या प्रत्येक घरात पोचली तरी जीव वाचतील.

बायकांचे हाल आणखी वेगळे. सिडकोत घरकाम करणाऱ्या आपल्या भगिनींना कोणतीही कंपनी नाही, म्हणून वार्षिक तपासणीही नाही. बाईला अटॅकमध्ये छातीच्या कळेसोबत किंवा कळेशिवाय धाप, मळमळ, जबड्यात-पाठीत दुखणे, कमालीचा थकवा असू शकतो. तिला ‘टेन्शन घेऊ नका’ सांगून परत पाठवतात. रक्तचाचणीतही बाईची मर्यादा वेगळी आहे. अतिसंवेदनशील ट्रोपोनिनच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी ३४ तर बायकांसाठी १६ ही मर्यादा धरतात. पुरुषाचे माप बाईला लावले तर तिचा अटॅक रिपोर्टमध्ये दिसतच नाही.

स्वस्त खुणा आधी

महागड्या चाचण्यांच्या आधी साध्या चाचण्यांचा विचार करू. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘इंटरहार्ट’ या जागतिक अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती मांडली. आपल्याकडे पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत ५८.८ व्या वर्षी. जवळपास सहा वर्षे आधी. कमावत्या माणसाची, मुलांच्या शिक्षणाची, घराच्या हप्त्याची ही वर्षे. याच ‘इंटरहार्ट’ने दाखवले की जगभरातल्या पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींनी समजतो: तंबाखू-धूम्रपान, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, दारू आणि व्यायामाचा अभाव.

यातल्या बहुतेक गोष्टी बीपीचे मशीन, मोजपट्टी, साधी रक्ततपासणी आणि दहा मिनिटांचे बोलणे यांतून कळतात. म्हणून वार्षिक तपासणीत बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, ईसीजी आणि तंबाखूबद्दलची विचारपूस एवढे सक्तीचे असावे. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा. एनटी-प्रोबीएनपी ज्यांना दम लागतो, सूज येते किंवा ज्यांना आधीच अटॅक येऊन गेला आहे त्यांना. ट्रोपोनिन तर तातडीच्या वेळची चाचणी आहे, ती वार्षिक पॅकेजमध्ये भरून बिल वाढवण्याचे कारण नाही.

रिपोर्टनंतर गोळ्या मिळाल्या नाहीत तर चाचणी वाया गेली. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात भारतासह कमी उत्पन्नाच्या देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रुग्णांची पाहणी होती. त्यातल्या ८०.२ टक्के लोकांना आवश्यक औषधांपैकी एकही सुरू नव्हते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे कवच पाच लाखांपर्यंत वाढले, ते राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुले झाले, हे चांगलेच झाले. पण ती योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांभोवती रचलेली आहे. अँजिओप्लास्टी मोफत होते, पुढच्या महिन्याच्या गोळ्या मात्र खिशातून घ्याव्या लागतात. सहा महिन्यांनी गोळ्या बंद होतात आणि माणूस पुन्हा स्ट्रेचरवर येतो.

रिपोर्ट हा हक्काचा कागदही आहे

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपले ईएसआय, उभे राहिले. आजारी पडणे हा कामगाराचा खासगी प्रश्न नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

ईएसआयची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. पंधरा हजार पगार असेल तर कामगाराचे साधारण ११३ रुपये कापले जातात. त्याबदल्यात कुटुंबासह उपचार, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम, आणि ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम मिळू शकते. त्या यादीत हार्ट फेल्युअर आहे. हार्ट अटॅकनंतर हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्क्यांखाली गेली असेल तर तेही आहे. म्हणजे टूडी इकोच्या कागदावर लिहिलेला एक आकडा घरातली चूल दोन वर्षे पेटती ठेवू शकतो. असे रिपोर्ट आपल्याकडे लॅमिनेट करून ठेवले पाहिजेत. प्रत्यक्षात ते प्लास्टिकच्या पिशवीत फाटतात.

पण या लाभासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कंत्राटी कामगाराचे घोडे इथेच अडते. ठेकेदार बदलतो, मध्ये ब्रेक दिला जातो, जुना विमा क्रमांक न लावता नवाच काढला जातो आणि आधीची वर्षे हिशेबातून जातात. विमा क्रमांक कामगाराचा असतो, ठेकेदाराचा नाही. नव्या ठिकाणी जाताना तोच क्रमांक द्यायचा, हे प्रत्येक हेल्परला माहीत हवे.

तपासणी कामगाराच्या विरोधात जाऊ नये

एक धोका आम्हाला स्पष्ट दिसतो. धोका सांगणारी चाचणी मालकाच्या हातात पडली की ती छाटणीची यादी होऊ शकते. ‘याचे हार्ट कमजोर आहे, याला पुढच्या महिन्यापासून बोलावू नका’ एवढे ठेकेदाराला सांगायला लेखी आदेश लागत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षे शरीर झिजवले, त्याचेच शरीर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाईल. मग कामगार तपासणीलाच घाबरतील, खोटे सांगतील, गोळ्या लपवून खातील. १९४८ च्या कायद्याच्या कलम ७३ ने आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढण्यास मनाई केली होती. तपासणीच्या निकालावरून कोणाला काढता येणार नाही, इतके स्पष्ट संरक्षण आता नियमांत यायला हवे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, वार्षिक तपासणीची किमान यादी मराठीत जाहीर व्हावी आणि ती कंत्राटी कामगारांनाही लागू असावी.

दोन, सविस्तर रिपोर्ट फक्त कामगाराच्या हातात द्यावा. मालकाला ‘या कामास योग्य’ किंवा ‘काम बदलून द्यावे’ एवढेच कळावे.

तीन, चाळिशीची अट हृदयविकाराच्या बाबतीत खाली आणावी. आपल्याकडे आजार लवकर येतो, तर तपासणी उशिरा का?

चार, अंबड-सातपूरसारख्या वसाहतींत चोवीस तास ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणारे सरकारी केंद्र जवळ असावे.

पाच, रिपोर्टमध्ये दोष निघाल्यास ईएसआय दवाखान्यातून किंवा महापालिकेच्या दवाखान्यातून दर महिन्याच्या गोळ्या अखंड मिळाव्यात. घरकामगार आणि असंघटित महिलांनाही हीच सोय असावी.

आपण काय करू शकतो?

सरकारची वाट बघत बसायची गरज नाही. वस्तीत विहार आहे, मंडळ आहे, शिकलेली मुले-मुली आहेत. विनयपिटकात तथागतांनी आजारी भिक्खूची सुश्रूषा स्वतः केल्याची कथा आहे. आनंदाला सोबत घेऊन त्यांनी त्याला आंघोळ घातली. रुग्णसेवा हा आपल्याकडे नंतर चिकटवलेला उपक्रम नाही. वर्षावासाच्या काळात विहारात दर रविवारी बीपी मोजता येईल. नर्सिंग, फार्मसी, लॅब टेक्निशियनचे शिक्षण घेणारी आपलीच मुले हे काम करतील. ज्यांचे बीपी वाढलेले आहे त्यांची वहीत नोंद ठेवावी, गोळ्या सुरू आहेत का हे महिन्याने विचारावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या वर्गणीतून एक बीपीचे मशीन सहज येते.

दुसरे काम कागदांचे. प्रत्येक वस्तीतल्या दोन तरुणांनी ईएसआयचे नियम नीट शिकून घ्यावेत. कोणाची वर्गणी भरली जाते, कोणाची नाही, हे ऑनलाइन तपासून द्यावे. कंपनीने वार्षिक तपासणी केली का, कोणाची केली, याची माहिती गोळा करावी आणि गरज पडल्यास संबंधित सरकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करावा.

तिसरे, एक साधा निरोप घरोघरी द्यावा: छातीत दाबल्यासारखे होऊन घाम फुटला, धाप लागली, तर सोडा पिऊन वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी होईपर्यंत घरी परतायचे नाही. शिफ्ट बुडाली तर तिचा पगार बुडेल. माणूस गेला तर घर बुडेल.

रक्ताच्या चाचण्या आणखी अचूक होतील, नव्या खुणा सापडतील. त्या विज्ञानाचे आम्ही मोकळ्या मनाने स्वागत करतो. पण धोका आधी कळूनही उपचार मिळणार नसतील, तर ती माहिती गरिबाच्या डोक्यावर फक्त एक ओझे होते. चाचणीच्या मागणीसोबत गोळीची, ईसीजीची आणि नोकरीच्या सुरक्षेची मागणी एकत्र करा. नियमांची चर्चा सुरू असताना बोललो तरच त्यात आपले नाव येईल.